तळव्यातली कळ, घोट्यामागची गाठ

पायाच्या नसेवर एक-दोन सेंटीमीटरची गाठ आली, तर तिच्यापायी माणूस वर्षानुवर्षं लंगडू शकतो, आणि या सगळ्या काळात त्याच्यावर उपचार मात्र अखंड चालू असतात. या पुस्तिकेला निमित्त झाली ती ही दुसरी गोष्ट. दुर्लक्ष असं कुणी केलेलं नसतं. एक्स-रे निघालेला असतो, टाचेत इंजेक्शन घेऊन झालेलं असतं, मऊ तळव्याच्या चपला आणलेल्या असतात, कमरेचा एमआरआय झालेला असतो, तेल लावून झालेलं असतं, शेकून झालेलं असतं आणि 'वाताचा त्रास आहे' म्हणून घरच्यांनी रात्रीचा भातही बंद केलेला असतो. राहिलेलं असतं ते इतकंच: गुडघ्यामागून तळव्यापर्यंत नस ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवरून कुणी बोट फिरवलेलं नसतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे रुग्ण येत नाहीत, त्यांच्या गाठी येतात. फॉर्मलिनच्या बाटलीत बुडवलेला तुकडा आणि त्याच्यासोबत एक कागद. कागदावर बहुतेक वेळा 'चरबीची गाठ' किंवा 'गँगलियन' असं लिहिलेलं असतं, कधी नुसतंच 'सूज, डावा घोटा'. त्रास किती दिवसांपासून, या रकान्यात आकडा वर्षांचा असतो. काचपट्टीवर ती गाठ नसेची निघते. रिपोर्ट लिहून पुढची पट्टी घ्यायची, एवढंच खरं तर माझं काम. पण नसेची गाठ वेळेवर ओळखली तर काय वाचतं आणि न ओळखता कापली तर काय जातं, हे सूक्ष्मदर्शकाखाली अगदी स्पष्ट दिसतं, आणि ते ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत माझा रिपोर्ट पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे मराठीतून आणि आधीच सांगावंसं वाटलं.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो, म्हणजे बरेच वाचक निर्धास्त होतील. पाय दुखणाऱ्या बहुसंख्य लोकांना अशी गाठ नसते. सकाळी उठून टाकलेलं पहिलं पाऊल सर्वांत जास्त दुखतं, थोडं चाललं की टाच सैलावते आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकते, अशी कहाणी असेल तर ते तळव्याच्या पडद्याचं दुखणं असण्याची शक्यता सर्वांत मोठी. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. एक्स-रेत दिसणारा टाचेचा काटा, म्हणजे आपल्याकडचं 'हाड वाढलंय', हा बिचारा पुष्कळदा विनाकारण बदनाम होतो. टाच अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो असतो. दोन्ही तळपायांची सारखीच आग होत असेल, तर आधी रक्तातली साखर पाहावी आणि बी-१२ तपासावं. शाकाहारी माणसं आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारी माणसं, यांनी तर आवर्जून. तळपायांची आग हा आपल्या देशातला जुना आजार. सी. गोपालन यांनी १९४६ साली त्याच्यावर लिहिलं आणि त्याचा संबंध ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडला. पोषणाचा आणि साखरेचा मार दोन्ही पायांना सारखाच बसतो.

नसेची गाठ सहसा एकच पाय धरते. एकाच तळव्यात आग, मुंग्या, मधूनच करंट बसावा तशी चमक. दिवसभर चालताना एक वेळ बरं, पण रात्री आडवं झाल्यावर कळ सुरू. पायावर चादरही सोसत नाही. तळव्याचा एक भाग बधिर आणि त्याच्या शेजारचा हात लावू देत नाही. हाडाचं आणि स्नायूचं दुखणं विश्रांतीनं कमी होतं, नसेचं दुखणं विश्रांतीला जुमानत नाही. एवढा फरक रुग्णाला आपला आपणही कळतो. बायका हे सांगतात तेव्हा 'मनावर घेता तुम्ही' असं उत्तर त्यांना मिळतं. अशा उत्तरांचा मला संताप येतो. बोट कुठे ठेवायचं हे ठाऊक नसलं की दुखणं मनात ढकलायचं, ही फार जुनी सवय आहे.

बोट कुठे ठेवायचं हे समजायला थोडी शरीररचना लागेल. कमरेतून निघालेली सायटिक नस मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्याच्या वर तिच्या दोन शाखा होतात. त्यांतली मोठी, टिबियल नस, गुडघ्याच्या खळीतून पोटरीत शिरते, पोटरीच्या जाड स्नायूंखालून उतरते आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या मागे, एका अरुंद बोगद्यात येते. एका बाजूला हाड आणि वरून घट्ट पट्ट्याचं छप्पर. त्या जागेतून तीन स्नायूरज्जू, एक रोहिणी, तिच्या सोबतच्या नीला आणि ही नस, एवढी मंडळी एकमेकांना खेटून जातात. बोगद्यातच किंवा त्याच्या तोंडाशी नसेला फाटे फुटतात: एक टाचेकडे, दोन तळव्याकडे. तळव्यातले दोन पुढे चवड्यात बोटांच्या फटींपर्यंत पोहोचतात. तळव्याची जवळजवळ सगळी संवेदना या एका नसेच्या हवाली आहे.

आता या वाटेवर कुठेही नस दाबली गेली, की मेंदूला निरोप जातो तो त्या नसेच्या शेवटच्या टोकाचा. मेंदूला वाट दिसत नाही, पत्ता तेवढा कळतो. घोट्यामागे गाठ असली तरी दुखतो तळवा. गाठ पोटरीत असली, गुडघ्याच्या खळीत असली, अगदी मांडीत असली, तरी दुखू शकतो तळवाच. मग तळव्याला इंजेक्शन दिलं जातं, तळव्याला शेक दिला जातो, तळव्याचा फोटो काढला जातो, आणि तळव्यात काहीच नसल्यामुळे काहीच सापडत नाही. हा आजार ओळखायला दहा-दहा वर्षं का लागतात, याचं मोठं कारण हे आहे. बाकीची कारणं, म्हणजे गाठ लहान असणं, स्नायूंच्या खाली असणं, सावकाश वाढणं, ही दुय्यम.

१९१५ साली पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना या बाबतीत एक विलक्षण योगायोग घडला. गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी हातापायांच्या नसा तुटलेले सैनिक दोन्ही बाजूंच्या इस्पितळांत भरले होते. जर्मनीतल्या पॉल हॉफमन यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये आणि फ्रान्समधल्या ज्यूल टिनेल यांनी ऑक्टोबरमध्ये, एकमेकांचं काम माहीत नसताना, एकच निरीक्षण छापलं: जखमी नसेवर बोटानं हलकेच टिचकी मारली की त्या नसेच्या प्रदेशात मुंग्या येतात. नस पुन्हा वाढू लागली आहे का, हे पाहण्यासाठी ते दोघं ही टिचकी वापरत होते. पुढे ती नसेवरचा दाब आणि नसेवरची गाठ शोधायलाही कामी आली. टिनेल यांचं नाव तिला चिकटलं, हॉफमन मागे पडले. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी या तपासणीला एक बोट आणि एक मिनिट यापलीकडे काही लागत नाही. घोट्यामागे टिचकी मारली आणि तळव्यात करंट गेला, की निम्मं निदान झालं. घोट्यामागे काही मिळालं नाही, तर थोडं वर यायचं, पोटरीत, मग गुडघ्याच्या खळीत. शेवटचं पाऊल बहुतेकदा राहून जातं, कारण त्यासाठी रुग्णाला पालथं झोपवावं लागतं आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढी सवड कुणाला नसते.

घोट्याच्या बोगद्यात नस दाबली जाण्याला टार्सल टनेल सिंड्रोम हे नाव मिळालं ते १९६२ साली, केक आणि लॅम या दोघांच्या स्वतंत्र लेखांतून. दाब गाठीचाच असतो असं नाही. फुगलेल्या नीला, जुनं फ्रॅक्चर, सपाट पाऊल, सांध्यातून निघालेली पाण्याची पुटकुळी, अशी कारणं पुष्कळ आहेत. म्हणून या सिंड्रोमचं नाव घेऊन थांबू नये. दाबतंय काय, हे पाहावं.

टिचकी मारायची राहते आणि कमरेचा एमआरआय मात्र होतो. एका पायात कळ म्हटल्यावर सायटिका, सायटिका म्हटल्यावर मणका, हा विचार चुकीचा नाही. अडचण वेगळीच आहे. कमरेच्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडतंच. १९९४ साली अमेरिकेत, पाठदुखीचा त्रास नसलेल्या ९८ माणसांचे असे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली होती. दुखणं नसलेल्यांत ही अवस्था, तर तळवा दुखतोय म्हणून मशीनमध्ये गेलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टात 'डिस्क बल्ज' हे शब्द असायचेच. दुखण्याला नाव मिळतं, शोध थांबतो आणि घोट्यामागची गाठ आणखी काही वर्षं निवांत वाढते.

गाठींकडे येतो, कारण माझा खरा प्रांत तो. नसेच्या प्रत्येक तंतूला सोबत करणाऱ्या पेशी असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानं १८३९ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या श्वान पेशी. तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणं हे त्यांचं काम. या पेशींतली एखादी विनाकारण वाढत सुटली की होते ती श्वानोमा. परिघीय नसांच्या सौम्य, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळणारी. सूक्ष्मदर्शकाखाली ती देखणी असते. होझे व्हेरोके यांनी १९१० साली दाखवून दिलं, की पेशींची केंद्रकं समोरासमोर रांगा धरून उभी राहतात आणि मधली जागा मोकळी राहते. त्या रचनेला अजून व्हेरोके बॉडीज म्हणतात. १९२० साली स्वीडनच्या निल्स अँटोनी यांनी याच गाठीतले दाट आणि विरळ असे दोन भाग वेगळे काढले. हे दोघांचं काम इतकं नेटकं आहे, की आजही रिपोर्ट लिहिताना त्यांच्याच खुणा शोधाव्या लागतात.

रुग्णाच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते पुढे. श्वानोमा नसेच्या आत वाढत असली, तरी बहुतेक तंतूंना ती बाजूला सारून वाढते, त्यांच्यात मिसळत नाही. तंतू तिच्या अंगावरून पसरून जातात. म्हणून सर्जननं नसेचं आवरण लांबीच्या दिशेनं, तंतूंच्या मधून अलगद उघडलं, तर पिकल्या शेंगेतून दाणा सुटावा तशी गाठ बाहेर येते आणि नस शाबूत राहते. यासाठी भिंग किंवा ऑपरेशनचा मायक्रोस्कोप लागतो, नसेचं काम करण्याची सवय असलेला हात लागतो आणि मुख्य म्हणजे समोर नसेची गाठ आहे हे चाकू लावण्याआधी माहीत असावं लागतं. ऑपरेशननंतर काही आठवडे किंवा महिने मुंग्या राहतात, थोडा बधिरपणा राहू शकतो. गाठ पुन्हा होणं क्वचितच.

तेच आधी माहीत नसेल तर? घोट्यामागे एक गुळगुळीत, लिंबोळीएवढी सूज. 'चरबीची गाठ आहे, लोकलमध्ये काढून टाकू, तासाभरात घरी जा.' आत गेल्यावर गाठीला दोन्ही बाजूंनी दोरीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. ती दोरी बांधून कापली जाते. बाटलीत माझ्याकडे गाठ येते आणि तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या दोरीचे तुकडे. काचपट्टीवर ते तुकडे म्हणजे निरोगी नस, तंतूंची सुबक वर्तुळं. तो अहवाल लिहिताना हात जड होतो, कारण तिकडे त्या माणसाचा अर्धा तळवा कायमचा बधिर झालेला असतो. बधिर तळव्याला खडा टोचला तरी कळत नाही, मग जखम होते, ती चिघळते. दुखणारा पाय घेऊन आलेला माणूस न जाणवणारा पाय घेऊन जातो, आणि कापलेल्या टोकाशी तंतूंचा गुंता होऊन कळ परत सुरू झाली तर ती आधीच्यापेक्षा वाईट असू शकते. यात कुणाची बदनीयत नसते. ऑपरेशन छोटं आहे असं सगळ्यांनीच धरलेलं असतं, एवढंच.

हे टाळायचे उपाय साधे आहेत. नसेची गाठ हातानं चाचपताना एक खूण देते: नसेच्या आडव्या दिशेनं ती हलते, नसेच्या लांबीच्या दिशेनं हलत नाही. दाबल्यावर किंवा टिचकी मारल्यावर कळ दूर तळव्यात किंवा बोटांत जाते. चरबीची गाठ असं काही करत नाही. एवढी शंका आली, तरी पुढची पायरी सोनोग्राफी. चांगल्या हातात सोनोग्राफी गाठीत शिरणारी आणि तिच्यातून बाहेर पडणारी नस स्पष्ट दाखवते. त्यानंतर एमआरआय, पण कमरेचा नव्हे, जिथे टिचकीनं करंट गेला तिथला. एक्स-रेत नस दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' या वाक्याला इथे काही किंमत नाही.

दुसरी गाठ न्यूरोफायब्रोमा. हिच्यात श्वान पेशींबरोबर इतर पेशीही असतात आणि नसेचे तंतू तिच्या पोटातून जातात, म्हणून ती नसेपासून सोडवणं अवघड. एकटी-दुकटी असेल तर फारसं बिघडत नाही. मात्र अंगावर फिकट तपकिरी, दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेत ठिपके आणि त्वचेवर मऊ गाठी असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजाराचा विचार करावा लागतो. फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्याचं जनुक १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर सापडलं. तीन हजार जन्मांमागे सुमारे एकाला हा आजार असतो आणि जवळपास निम्म्यांच्या घरात तो आधी कुणालाही नसतो. आपल्याकडे या लोकांना त्वचारोगी समजून लांब ठेवलं जातं. हा संसर्ग नाही, स्पर्शानं होत नाही. त्यांनी स्वतःही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षं शांत असलेली एखादी खोल गाठ भराभर वाढू लागली, टणक लागू लागली, रात्रंदिवस दुखू लागली किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर थांबू नये. नसेचा कॅन्सर एरवी दुर्मीळ असला तरी या आजारात त्याचा धोका कितीतरी पटीनं जास्त असतो.

चवड्यातली सर्वांत प्रसिद्ध 'नसेची गाठ' गाठच नव्हे. मॉर्टन न्यूरोमा असं तिला म्हणतात. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या फटीमागे नस जाड होते. चालताना चवड्याखाली खडा असल्यासारखं किंवा मोज्याला चुणी पडल्यासारखं वाटतं, मग अचानक बोटांत आग जाते आणि माणूस भर रस्त्यात बूट काढून चवडा चोळू लागतो. पुरुषांपेक्षा बायकांना हे जास्त होतं. टोकदार, उंच टाचेचे बूट बोटांना आवळतात, त्यांचाही यात हात असतो. इटलीत पिस्तोया इथे फिलिप्पो चिविनिनी यांनी १८३५ साली मृतदेहाच्या विच्छेदनात नसेची ही सूज पाहिली होती. १८४५ मध्ये लुईस डुर्लाखर या, व्हिक्टोरिया राणीच्या पायांची देखभाल करणाऱ्या इसमानं, आपल्या कुरूप आणि नखांवरच्या पुस्तकात या दुखण्याची नोंद केली. १८७६ साली फिलाडेल्फियाचे टॉमस मॉर्टन यांनी त्यावर लेख लिहिला आणि नाव त्यांचं झालं. गंमत अशी, की मॉर्टन यांनी दोष दिला चौथ्या बोटाच्या सांध्याला, आणि तो सांधाच काढून टाकण्याचा उपाय सुचवला. गुन्हेगार नस आहे हे ठामपणे सांगितलं ते ऑस्ट्रेलियातल्या बेट्स यांनी, १९४० साली. चूक जागा दाखवणाऱ्याचं नाव राहिलं, बरोबर जागा दाखवणाऱ्याचं कुणाला आठवत नाही.

माझ्या काचपट्टीवर या तथाकथित गाठीत ट्यूमरची एकही पेशी नसते. दिसतात ते नसेभोवती साचलेले चट्टे, जाड झालेल्या रक्तवाहिन्या आणि झिजलेले तंतू. वरच्या अस्थिबंधाखाली नस पुन्हा पुन्हा चेमटत राहिल्याचा तो परिणाम. त्यामुळे पहिला उपाय चाकूचा असूच नये. पुढून रुंद पादत्राण, चवड्याच्या हाडांच्या थोडं मागे लावलेली छोटी गादी, गरज पडल्यास एखादं इंजेक्शन, यांनी पुष्कळांचं भागतं. मुलडर यांनी १९५१ साली सांगितलेली तपासणीही सोपी आहे: एका हातानं चवडा दोन्ही बाजूंनी दाबायचा, दुसऱ्यानं फट खालून दाबायची, टकटक जाणवली आणि ओळखीची कळ उठली की झालं. उलट, ज्यांचा पाय मुळीच दुखत नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये ही जाडी दिसते. म्हणून केवळ रिपोर्टावरून ऑपरेशनला तयार होऊ नये. नस काढल्यावर त्या दोन बोटांची आतली बाजू बधिर राहते, हेही आधी ऐकून घ्यावं.

पायाच्या नखाखाली होणारी ग्लोमस ट्यूमर नसेची नसते, बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छातून येते. पण दुखणं इतकं नसेसारखं, की इथे तिचं नाव घ्यायला हवं. थंड पाण्यात पाय घातला की जीव जाईल अशी कळ आणि पेनच्या टोकानं दाबल्यावर नखावर एक नेमका दुखरा बिंदू, एवढ्यावरून ती ओळखता येते.

महाराष्ट्रात बसून नसेच्या गाठीबद्दल लिहायचं आणि कुष्ठरोगाचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. परदेशी पुस्तकांत तो तळटीपेत असतो. आपल्याकडे जाड झालेली नस हाताला लागली, की आधी त्याचाच विचार केला पाहिजे. कुष्ठरोगाचे जंतू नसांतच घर करतात, आणि घोट्यामागची टिबियल नस ही त्यांच्या आवडीच्या जागांपैकी एक. २००५ अखेरीस भारतात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जाहीर झालं. त्यानंतरही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात, आणि त्यांत चंद्रपूर, गडचिरोली, पालघर या जिल्ह्यांतले लोक आहेत. त्वचेवर चट्टा नसेल तर कुष्ठरोग नाही, असं डॉक्टरही धरून चालतात. पण नुसत्या नसांना होणारा कुष्ठरोग भारतात बऱ्यापैकी आढळतो. त्यात नसेत पू साचून गाठ होते, आणि ती गाठ ट्यूमर समजून कापायला घेतली जाते. आमच्या प्रयोगशाळेत अशा तुकड्यावर कुष्ठरोगाच्या जंतूंसाठी वेगळा रंग घालून पाहावा लागतो. कागदावर 'ट्यूमर' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो घालायचं सुचायला हवं. कुष्ठरोगाची औषधं मोफत मिळतात, आणि नस सुजून दुखू लागलेली असताना स्टेरॉइड वेळेवर सुरू झालं तर तळव्याची संवेदना वाचू शकते.

प्रत्येक गाठ काढलीच पाहिजे असं नाही. न दुखणारी, न वाढणारी, ताकद कमी न करणारी सौम्य गाठ ठरावीक काळानं तपासत राहिलं तरी चालतं. काढली तरी दहा वर्षांची कळ दुसऱ्या दिवशी पुसली जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. इतकी वर्षं दुखण्याची सवय लागलेल्या नसा शांत व्हायला वेळ घेतात, आणि त्या काळात नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं लागू शकतात. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. ज्यांनी त्या वर्षानुवर्षं खाल्ल्या आहेत, त्यांनी एकदा मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

वाचकांना एकच विनंती. एकाच पायात आग, मुंग्या किंवा करंट असेल आणि तो महिनोन्महिने हटत नसेल, तर डॉक्टरांपुढे चप्पल-मोजे काढून दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करा, पालथं झोपायची तयारी दाखवा आणि 'नसेच्या वाटेवर टिचकी मारून पाहाल का?' असं विचारा. कुठे गाठ लागली आणि ती काढायचं ठरलं, तर टेबलावर झोपण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: 'ही नसेची गाठ असू शकते का, आणि त्यासाठी सोनोग्राफी झाली आहे का?' उत्तर 'नाही' आलं, तर ऑपरेशन चार दिवस पुढे ढकला. ही गाठ सहसा घाई करत नाही, तुम्हीही करू नका.